टायर एकाच बाजूने का झिजतो?

वसई फाट्याजवळ अहमदाबाद महामार्गाच्या कडेला टायरवाल्यांची दुकाने आहेत. दुकानापुढे काढून टाकलेल्या टायरांची रास पडलेली असते. तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पुढच्या खेपेला हवा भरायला थांबलात, तर पाच मिनिटे त्या राशीपाशी उभे राहून पाहा. एखादा टायर मधोमध गुळगुळीत झालेला असतो आणि त्याच्या दोन्ही कडांची नक्षी शाबूत असते. एखाद्याचे नेमके उलटे, म्हणजे कडा गेलेल्या आणि मध्य चांगला. एखाद्याच्या एकाच कडेला रबर संपून आतल्या तारा उघड्या पडलेल्या असतात, आणि त्याच टायरच्या दुसऱ्या कडेच्या खाचा मात्र जवळजवळ नव्यासारख्या असतात.

आमचे एक स्नेही विरारच्या एका शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर या शेवटच्या प्रकारचे निघाले. जेमतेम वीस हजार किलोमीटर झाले होते. टायरच मुळात वाईट होता, असे त्यांचे ठाम मत. टायरवाल्याने टायर उलटसुलट करून पाहिला, त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "सर, टायर चांगलाच होता. चाकं बाहेर फाकलीत, म्हणून आतून खातेय गाडी."

"किती फाकलीत?"

"असेल पाच-सहा मिलिमीटर."

पाच-सहा मिलिमीटरच्या चुकीने दीड वर्षात टायर बाद होतो, हे गणिताच्या शिक्षकाला पटेना. खरे सांगायचे तर आम्हालाही पटले नाही. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या आकडेमोडीतून जे कळले, ते या लेखात मांडले आहे.

आधी एक साधा प्रश्न. सगळे काही ठीक असताना टायर झिजतो तरी किती? मोटारीच्या नव्या टायरवरील खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. त्या १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर बदलावा लागतो. म्हणजे झिजण्यासाठी आपल्याला सुमारे ६ मिलिमीटर रबर मिळते. लहान मोटारीच्या टायरचा व्यास ६२ सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे १.९५ मीटर येतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाकाचे ५१३ फेरे झाले. टायर ४०,००० किलोमीटर टिकला असे मानू. त्यात दोन कोटींहून अधिक फेरे होतात. आता ६ मिलिमीटरला दोन कोटींनी भागा. उत्तर येते ०.३ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा. दोन-तीन अणू एकावर एक ठेवले तर एवढी जाडी होईल! रबर असे अणू-अणूच्या थराने निघत नाही, बारीक कणांच्या रूपात निघते हे खरे. पण सरासरी हिशेब एवढाच. हा आकडा वर्गात फळ्यावर काढून दाखवण्यासारखा आहे.

इतकी कमी झीज का होते? कारण फिरत्या चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तो त्या क्षणी जमिनीवर जवळजवळ स्थिर असतो. चाक पुढे जाते, पण टेकलेला भाग घासत नाही. आपण चालताना जमिनीवरचे पाऊल स्थिर राहते आणि शरीर पुढे जाते, तसेच हे. हा टेकलेला भाग फार मोठाही नसतो. एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आणि टायरमध्ये ३० पौंडांची हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम दाब धरला, तर भागाकार करून १४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ मिळते. आपला तळहात बोटांसकट टेकला तर साधारण एवढीच जागा व्यापतो. अशा चार तळहातांवर सारी गाडी उभी असते. ब्रेक, वळण, वेग सगळे त्यांच्याच भरवशावर.

म्हणजे चाक जोपर्यंत निव्वळ गडगडते, तोपर्यंत झीज नगण्य असते. झीज होते ती घसटण्याने. आणि चाकाचे तोंड एकीकडे व गाडीची वाट दुसरीकडे असेल, तर चाकाला सतत आडवे घसटत जावे लागते.

चाकांचे चवडे

उभे राहून आपल्या पावलांकडे पाहा. कोणाचे चवडे बाहेर वळलेले असतात, कोणाचे आत. गाडीला वरून पाहिले तर पुढच्या चाकांचेही असेच असते. चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींच्या जवळ असतील तर त्याला 'टो-इन' म्हणतात, दूर असतील तर 'टो-आउट'. चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर आणि मागच्या कडांमधले अंतर यांतला फरक मिलिमीटरमध्ये सांगतात. टायरवाल्याचे पाच-सहा मिलिमीटर ते हेच.

आपण आधी त्याच्या निम्मी चूक घेऊ, ३ मिलिमीटर. ती दोन चाकांत वाटली की एका चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर. हे मोजतात चाकाच्या लोखंडी रिमपाशी, आणि तिथे व्यास ३६० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे चाक ३६० मध्ये १.५ इतके, म्हणजेच २४० मध्ये १ इतके तिरपे आहे. कोनाच्या भाषेत पाव अंशाहूनही कमी. कोनमापकावर हा कोन दिसणारसुद्धा नाही.

पण गाडी २४० मीटर पुढे गेली की हे चाक १ मीटर आडवे ओढले जाते. एका किलोमीटरला ४ मीटर १७ सेंटिमीटर. विरार ते चर्चगेट रेल्वेने ६० किलोमीटर. तेवढ्या प्रवासात २५० मीटर. आणि १०,००० किलोमीटरमध्ये? जवळजवळ ४२ किलोमीटर. वसई रोडपासून दादरपर्यंत एवढेच अंतर आहे. चाक न फिरवता, गाडीच्या भाराखाली, आडवे धरून टायर वसईहून दादरला ओढत नेला तर त्याचे काय होईल, याची कल्पना करा.

येथे एक खुलासा केला पाहिजे. वरील हिशेब भूमितीचा आहे. रबर काही भूमितीतली ताठ आकृती नव्हे. नक्षीचा ठोकळा जमिनीला टेकला की आधी चिकटून राहतो आणि आडवा वाकतो. तळहाताएवढ्या त्या जागेच्या मागच्या टोकाशी, जमीन सोडण्याच्या बेतात असताना, तो घसरून सरळ होतो. बराचसा ताण असा वाकण्यात जिरतो, म्हणून टायर ४२ किलोमीटर फरफटल्यासारखा लगेच फाटत नाही. मात्र यातून दुसरी एक गोष्ट निघते आणि ती जास्त गंभीर आहे. तिरपेपणा वाढला की आडवा जोरही वाढतो आणि घसटण्याचे अंतरही वाढते. झीज या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. म्हणून लहान कोनांसाठी झीज साधारणपणे कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रबराच्या झिजेवर इंग्लंडमध्ये काम करणारे अडॉल्फ शालामाख आणि त्यांचे सहकारी टर्नर यांनी १९६० साली तिरप्या चाकांच्या झिजेचा असा हिशेब मांडला. चूक ३ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटर असेल, तर तिरपेपणामुळे होणारी झीज दुप्पट नाही, सुमारे चौपट! आमच्या स्नेह्यांचा टायर दीड वर्षात का गेला, ते आता कळते. आणि चाके बाहेर फाकलेली असताना टायरचा तळ आतल्या बाजूकडे घसटतो, म्हणून आतली कड आधी जाते. टायरवाल्याने भूमिती शिकली नसेल, पण त्याचे निदान चोख होते.

तो टायरवरून तळहात का फिरवत होता? वाकून घसरणाऱ्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड गोलसर होते आणि दुसरी धारदार राहते. मासळीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतो, उलट फिरवला तर खवले टोचतात. तसेच येथे होते. आतून बाहेर हात नेताना धार टोचली तर चाके आत वळलेली, बाहेरून आत आणताना टोचली तर बाहेर फाकलेली. डोळ्यांना झीज दिसण्याच्या कितीतरी आधी हाताला ती कळते. (तारा उघड्या पडल्या असतील तर मात्र हात लावू नये.)

मग चाके अगदी समांतरच का ठेवत नाहीत? सांध्यांत थोडी ढील असते म्हणून. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत रस्त्याचा विरोध पुढची चाके मागे रेटतो आणि ती किंचित बाहेर फाकतात. म्हणून उभ्या गाडीत ती थोडी आत वळवून ठेवतात. पुढच्या चाकांना जोर असेल तर ती धावताना आत येऊ पाहतात. अशा गाड्यांत टो शून्याजवळ किंवा किंचित बाहेर ठेवतात. धावताना चाके समांतर असावीत, एवढाच हेतू.

पेला आणि नाणे

चाक आणखी एका प्रकारे वाकडे असू शकते. गाडीसमोर उभे राहून पाहिले तर ते वरून आत किंवा बाहेर कललेले असते. याला कॅम्बर म्हणतात. कॅम्बरचा परिणाम समजायला कागदाचा चहाचा पेला पुरे. तो टेबलावर आडवा ठेवून ढकला. सरळ न जाता तो बुडाच्या, म्हणजे अरुंद बाजूकडे वळतो. कललेल्या चाकाचा जमिनीला टेकणारा भाग अशाच शंकूच्या तुकड्यासारखा वागतो. गडगडणारे नाणे ज्या बाजूला कलते त्याच बाजूला वळते, तेही यामुळेच. दोन्ही चाके सारखीच कललेली असतील तर त्यांची ओढ एकमेकांना मारते. एकच जास्त कलले तर गाडी तिकडे ओढते. झीज होते ती कललेल्या बाजूच्या कडेवर, पण ती गुळगुळीत असते, खवल्यांसारखी धार नसते. टो आणि कॅम्बर यांच्या झिजेत हाताला कळणारा फरक हाच.

शंकूवरून एक आठवण. विरार लोकलच्या चाकांचा रुळावर टेकणारा भागही शंकूच्या आकाराचा असतो, साधारण २० ला १ या उताराचा. दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांवरून सोडा. जोडी बाजूला सरकली तर आपोआप मध्यावर येते. (बुडाला बूड लावून चिकटवलेली जोडी लगेच खाली पडेल.) आगगाडीला सुकाणू नसते, तिचे अलाइनमेंट हा शंकूच करतो. रबरी टायरच्या गाडीला ही सोय नाही.

तिसरा कोन कॅस्टर. तो सायकलवर उत्तम दिसतो. पुढच्या चाकाचा दांडा सरळ उभा नसून वरून मागे झुकलेला असतो. तो तसाच खाली वाढवला तर जमिनीला चाकाच्या थोडा पुढे टेकेल. म्हणजे चाक वळण्याच्या आसाच्या मागे फरफटत येते आणि आपोआप सरळ होते. सायकल सीटला धरून पुढे ढकला, हँडल सरळ राहील. मागे ओढा, हँडल गर्रकन फिरेल. मोटारीचे स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येते त्यात कॅस्टरचा मोठा वाटा असतो. कॅस्टरने टायर फारसा झिजत नाही. मात्र डाव्या-उजव्या बाजूंत फरक पडला तर गाडी ओढते.

ओढण्याबद्दल थोडे सावधपणे बोलले पाहिजे. आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यावर उंच आणि कडेला उतरता बांधतात. डाव्या बाजूने चालणारी गाडी स्टिअरिंग सैल सोडताच थोडी डावीकडे जाते, तो गाडीचा दोष नव्हे. एका टायरमध्ये हवा कमी असली तरीही गाडी त्या बाजूला ओढते. पुष्कळ वेळा दोन रुपयांच्या हवेचे काम असताना अलाइनमेंटचे पैसे मोजले जातात. मध्य गेलेला टायर म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गेलेला म्हणजे हवा कमी. त्यात कोनांचा संबंध नाही.

खड्डा नेमके काय करतो?

चाकांना वळवणारी जी दांडी असते तिला टाय-रॉड म्हणतात. तिचे टोक चाकाच्या मुठीला वळण्याच्या आसापासून साधारण १२ सेंटिमीटरवर जोडलेले असते. आता समजा चाक खड्ड्यात आदळले आणि एका बाजूची दांडी जराशी वाकून तिची लांबी १ मिलिमीटरने कमी झाली. १२० मिलिमीटरमध्ये १, म्हणजे अर्धा अंश. गाडी चालू लागली की ही चूक दोन चाके निम्मी-निम्मी वाटून घेतात. प्रत्येकी २४० मध्ये १. वसई ते दादर हिशेबातला कोन तो हाच! नखाएवढ्या जाडीचा फरक आणि परिणाम एवढा. चूक वाटून घेताना चाके थोडी वळतात, म्हणून गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग चार-पाच अंश तिरके दिसते. तिरके स्टिअरिंग ही केवळ दिसण्याची खोड नाही, ती दांडीची लांबी बदलल्याची खूण असू शकते.

वसई-विरारकरांना खड्ड्यांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात चिंचोटी, सातिवली, पेल्हार, विरार फाटा या पट्ट्यात अवजड मालगाड्यांच्या रांगांत लहान गाडीला पुढचा रस्ता दिसत नाही, आणि पाणी भरलेला खड्डा सपाट रस्त्यासारखाच भासतो. २०२४ साली या महामार्गावर डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम चालू असताना जुन्या-नव्या थरांच्या उंचीतल्या पायऱ्याही चाकांना सोसाव्या लागल्या. खड्ड्याच्या तळापेक्षा त्याची पलीकडची कड जास्त वाईट, कारण चाक तिच्यावर समोरून आदळते. खड्ड्यात ब्रेक दाबून धरला तर गाडीचे नाक खाली जाते, स्प्रिंग आधीच दबते आणि धक्का थेट सांध्यांवर येतो. ब्रेक दाबायचा तो खड्ड्याच्या आधी, खड्ड्यात सोडायचा.

आणि झिजलेल्या टायरची खरी परीक्षा याच दिवसांत असते. कोरड्या रस्त्यावर नक्षीचा तसा उपयोग नसतो. शर्यतीच्या गाड्या कोरड्यात बिनखाचांचे टायर वापरतात. खाचा असतात त्या पाणी बाजूला काढायला. पाण्याला वाट मिळाली नाही तर टायर त्याच्यावर तरंगू लागतो आणि मग ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. नासामधील हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ साली विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून मांडलेल्या सूत्रानुसार ३० पौंड हवेला हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो. टायर गुळगुळीत असेल तर त्याला पाण्याचा अगदी पातळ थरही पुरतो. म्हणूनच आपल्या मोटार वाहन नियमांत खाचेची किमान खोली मोटारीसाठी १.६ मिलिमीटर आणि दुचाकी व तीनचाकींसाठी ०.८ मिलिमीटर ठरवली आहे. खाचेच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. एकाच कडेने झिजलेला टायर येथे फसवतो. बाहेरून पाहणाऱ्याला चांगली कड दिसते, तारा आतल्या बाजूला उघड्या पडलेल्या असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून पाहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

मोजून पाहा

यंत्राशिवाय टो मोजता येतो का? येतो. ओळंबा, खडू आणि मीटरपट्टी एवढेच सामान लागते. शाळेच्या सपाट फरसबंद आवारात गाडी सरळ उभी करा. इंजिन बंद, ब्रेक ओढलेला. पुढच्या दोन्ही टायरांच्या मागच्या बाजूला, आसाच्या उंचीवर, नक्षीच्या मध्यावर खडूने खूण करा. खुणेपासून ओळंबा सोडा (टायर खाली आत वळतो, त्यामुळे दोरी मोकळी लोंबते) आणि तो जमिनीवर जिथे टेकेल तिथे ठिपका काढा. आता ब्रेक सोडून गाडी हाताने पुढे ढकला, चाक अर्धे फिरेपर्यंत, म्हणजे ९७ सेंटिमीटर. त्याच खुणा आता पुढे आल्या. पुन्हा ओळंबा, पुन्हा ठिपके. मागच्या दोन ठिपक्यांतले अंतर आणि पुढच्या दोन ठिपक्यांतले अंतर यांतला फरक म्हणजे टो. तीन-चारदा मोजून सरासरी घ्या.

तीच खूण मागून पुढे का न्यायची, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारा. टायर किंवा रिम थोडी वेडीवाकडी असली तरी एकच खूण दोन्हीकडे वापरल्याने ती चूक वजा होते. गाडी पुढेच ढकलायची, मागे नाही. मागे नेली तर सांध्यांतली ढील उलट दिशेला जाते. ढकलताना चाकांसमोर कोणी उभे राहू नये आणि एक माणूस ब्रेकपाशी बसलेला असावा.

येथे मोजमाप टायरच्या ६२ सेंटिमीटर व्यासावर होते, रिमवर नाही. त्यामुळे रिमपाशी ३ मिलिमीटर असलेला फरक येथे ५ मिलिमीटरच्या थोडा वर दिसतो आणि साध्या पट्टीने मोजता येतो. आमच्या स्नेह्यांनी नववीच्या मुलांना घेऊन हा प्रयोग आपल्याच गाडीवर केला. प्रत्येक गटाचे उत्तर एक-दोन मिलिमीटरने वेगळे आले, पण चाके बाहेर फाकलेली आहेत यावर सगळ्यांचे एकमत झाले. त्यानंतरच ते दुकानात गेले.

दुकानात गेल्यावरही दोन गोष्टी पाहाव्यात. आधी सांधे आणि हवा तपासून मगच कोन लावायला घेतले पाहिजेत. सांधा ढिला असेल तर आज लावलेला टो उद्या राहणार नाही. आणि जिथे कॅस्टर व कॅम्बर बदलता येतात तिथे ते आधी, टो सर्वांत शेवटी, कारण पहिले दोन बदलले की टो आपोआप बदलतो. यंत्र दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे छापून देते. तो कागद मागून घ्यावा, गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा आणि पावसाळा संपल्यावर ओळंबा-खडू घेऊन पुन्हा एकदा ताडून पाहावा.